डावीकडे स्टेअरिंग, रस्ताही डावीकडेच : १९७१च्या फोक्सवॅगन कॅम्परचा वापरानंतरचा अनुभव

ब्रिटनमध्ये जुनी कॅम्परव्हॅन (आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) शोधायला लागलं की काही जाहिरातींत किंमत एकदम बरी दिसते आणि मग खाली बारीक अक्षरांत 'एलएचडी' म्हणजे 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' लिहिलेलं सापडतं. स्टेअरिंग डावीकडे असल्यामुळे ती स्वस्त. गंमत म्हणजे पत्रा बहुधा तिचाच चांगला असतो, कारण ती कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या हवेतून आलेली असते. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठात पन्नास हिवाळे काढलेल्या गाडीचं खालून काय झालेलं असतं, ते लिफ्टवर चढवल्याशिवाय कळत नाही.

आमचीही कॅलिफोर्नियाचीच. फोक्सवॅगनची टाइप २, १९७१चं मॉडेल. पुढची काच मोठी, एकसंध, म्हणून इथले लोक हिला 'बे विंडो' म्हणतात. मागे १६०० सीसीचं हवेवर थंड होणारं इंजिन, आत वेस्टफालिया या कॅम्पर सजवणाऱ्या जर्मन कंपनीची लाकडी कपाटं आणि वर उघडणारं छप्पर. आम्ही रेडिंगला राहतो. मी, नवरा आणि मुलगी. मधले काही महिने माझे बाबाही होते. गाडी घेऊन आता वर्ष होत आलं. घेण्याआधी मिळालेल्या सल्ल्यांपैकी निम्मे निरुपयोगी निघाले आणि ज्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता त्यानेच जास्त छळलं, म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे.

ज्याला त्याला काळजी ओव्हरटेकची. 'डावीकडे बसून पुढच्या ट्रकपलीकडचं दिसणार कसं?' नाहीच दिसत. पण या इंजिनाची ताकद आहे पन्नास-साठ हॉर्सपॉवर, आणि गाडीत गादी, भांडी, पाण्याचा कॅन आणि चौघं माणसं. ओव्हरटेक मारायचा कोणाला? इथल्या मोठ्या लॉऱ्यांना ताशी ५६ मैलांवर लिमिटर असतो आणि आमची गाडी ५५ला खूश असते. मोटरवेवर डाव्या लेनमध्ये लॉऱ्यांच्या रांगेत शिरायचं आणि गप्पा मारत जायचं. साध्या रस्त्यावर पुढे ट्रॅक्टर आला तर थोडं अंतर सोडून मागे राहायचं. डावं वळण लागलं की ट्रॅक्टरच्या डाव्या अंगाने पुढचा रस्ता आपल्याला उलट जास्तच दिसतो. उजवं वळण असेल तर शेजारच्याने बघून सांगायचं. आणि खरं सांगायचं तर साइड बहुतेक वेळा आपणच द्यायची असते. मागे पाच-सहा गाड्या साचल्या की मी ले-बायमध्ये, म्हणजे रस्त्याकडेला थांबायच्या जागेत, घेते.

उजव्या हाताने गिअर टाकण्याची सवय आठवड्याभरात होते. रिव्हर्स तेवढा खट्याळ आहे : दांडा खाली दाबायचा, डावीकडे न्यायचा आणि मागे ओढायचा. तिसऱ्यांदा लागला तरी समाधान मानावं. जास्त वेळ लागतो तो गाडी लेनमध्ये नीट ठेवायला. भारतात काय आणि इथे काय, आपण जन्मभर रस्त्याच्या मध्याजवळ बसून गाडी चालवलेली असते. शरीर तीच जागा शोधतं, आणि त्या नादात गाडीचं उजवं अंग मधल्या रेषेवर जातं. समोरून बस आली की शेजारचा श्वास रोखून धरतो त्यावरून कळायचं. माझ्यासाठी उपाय एकच ठरला : आपल्या बाजूच्या आरशात डाव्या कडेची रेषा बघत राहायची. ती टायरपासून हातभर अंतरावर असेल तर उजवीकडचं आपोआप ठीक असतं.

आता ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते. इथे सगळं येतं उजवीकडून. राउंडअबाउट असो की चौक, उजवीकडे बघायचं, आणि आपल्या उजवीकडे बसलेला असतो एक अख्खा माणूस. काटकोनातला रस्ता असेल तर तो मागे टेकला की भागतं. पण तिरका जोडरस्ता असेल तर उजव्या खांद्यामागून येणारी गाडी ना त्याच्या खिडकीत दिसते ना आरशात. मागच्या खिडकीतून दिसली असती, पण तिथे पडदा. म्हणून दोन गोष्टी. मागचे पडदे गाडी चालताना कायम बांधलेले हवेत. आणि थांबण्याच्या रेषेपाशी येतानाच गाडी थोडी वळवून शक्य तितकी काटकोनात उभी करायची, मग नजर सरळ पोचते. उजवीकडचा आरसाही बघून घ्या : अशा गाड्यांना तो मुळात लहान असतो, काहींना नसतोच, कारण त्या देशात ती शेजाऱ्याची बाजू. आम्ही मोठा बहिर्वक्र आरसा बसवला आणि त्याच्या कोपऱ्यात छोटा गोल आरसा चिकटवला. या वर्षात गाडीवर जो काही खर्च झाला त्यातला सर्वांत सार्थकी लागलेला तोच.

स्विंडनचं 'मॅजिक राउंडअबाउट' ज्यांना माहीत आहे त्यांना यातली मजा कळेल. १९७२चं आहे ते, म्हणजे आमच्या गाडीहून वर्षाने लहान. पाच छोटे राउंडअबाउट एका गोलाभोवती मांडलेले, आणि मधल्या गोलात वाहतूक उलट्या दिशेने फिरते. तिथे दर काही सेकंदांनी उजवीकडे बघून जागा शोधावी लागते. त्या दिवशी उजव्या सीटवर बाबा होते. एसटीत कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत, उभी हयात घंटी मारण्यात गेली. त्यांनी इंग्रजी पाट्या, बाण वगैरे भानगडीत न पडता खिडकीबाहेर हात काढला आणि दाराच्या पत्र्यावर थाप मारायला सुरुवात केली. एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे जाऊ दे. 'बाबा, ती पांढरी व्हॅन वळतेय का?' 'तू पुढे बघ गं, इकडचं माझ्याकडे.' धप्. धप् धप्. पाचही गोल पार झाले. नंतर नवराही तीच पद्धत वापरायला लागला, कारण 'येतेय बहुतेक, पण लांब आहे, जाशील तू' असल्या वाक्याने चौकात काही निर्णय होत नाही.

बाबांना मात्र सिग्नलला वेगळाच मान मिळायचा. उजव्या सीटवर म्हातारा माणूस, हातात घडी घातलेला पेपर, डोळे मिटलेले आणि गाडी चाललीय. शेजारच्या डबलडेकरमधल्या शाळेच्या पोरांनी एकदा काचेला नाकं लावून पाहिलं होतं. आपल्याकडे जुन्या जीपच्या मागे 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' असं रंगवलेलं असायचं, तसं करून घे म्हणाले. मी स्टिकर लावला. मागच्यांना आपण इंडिकेटर देऊनही का रेंगाळतोय ते थोडं तरी समजतं.

दुसरी अडचण दाराची, आणि ही मला सगळ्यांत मोठी वाटते. या मॉडेलचं सरकतं दार उजवीकडे आहे. अमेरिकेत ती फुटपाथची बाजू. इथे ती वाहत्या रस्त्याची. लहान मूल असेल तर हे आधी डोक्यात घ्या आणि मगच पैसे द्या. आमच्याकडे नियम असा की रस्त्याच्या कडेला ते दार उघडायचंच नाही. पुढच्या दोन सीटच्या मधून वाट आहे, तिथून मुलगी पुढे येते आणि माझ्या दाराने फुटपाथवर उतरते. ज्या गाडीत पुढच्या बाजूला अखंड बाकडं आहे आणि मधून वाट नाही, ती डाव्या स्टेअरिंगची घेऊ नका असंच मी म्हणेन. एकदिशा रस्ता असेल तर आम्ही उजव्या कडेला लावतो, मग दार बरोबर फुटपाथवर उघडतं. दुतर्फा रस्त्यावर तसं रात्री करता येत नाही, अधिकृत पार्किंगची जागा सोडून येत्या वाहतुकीकडे तोंड करून गाडी उभी करायला मनाई आहे. मागच्या बाकाला पट्टे नव्हते, ते पहिल्या महिन्यातच बसवून घेतले.

कॅम्पसाइटवर याच दाराने वेगळी करमणूक केली. ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांचं राहत्या भागाचं दार सहसा डावीकडे असतं. सगळ्या एकाच दिशेने उभ्या असल्या की आमचं दार बरोबर शेजाऱ्याच्या दारासमोर. सकाळी दात घासताना समोर अनोळखी साहेब पायजम्यात. गाडी उलटी लावली की प्रश्न मिटतो, पण साइटवाल्याला आधी विचारून.

पार्किंगची तिकिटं, टोलचे बूथ, ड्राइव्ह-थ्रू, सगळ्यांच्या खिडक्या उजवीकडे. जोडीला कोणी असेल तर विषयच नाही. एकटी असले तर उतरून, पुढून वळसा घालून, तिकीट घेऊन, परत येईपर्यंत मागचा हॉर्न वाजवतो. त्यासाठी कचरा उचलायचा लांब दांड्याचा चिमटा मिळतो तो सीटखाली ठेवला आहे. तिकीट खेचता येतं, सुटे पैसे देता येत नाहीत. नशिबाने आता बऱ्याच ठिकाणी नंबरप्लेटच वाचतात. लंडनजवळ थेम्स ओलांडायच्या डार्टफर्ड क्रॉसिंगचे बूथ तर २०१४लाच गेले. कॉफी मात्र आत जाऊनच घ्यावी.

एवढं वाचून गाडी नको वाटली असेल तर डेव्हनच्या गल्लीबोळांत चालवून बघा. दोन्हीकडे दगडमातीचे उंच बांध, वर झाडोरा, आणि रस्ता जेमतेम एका गाडीचा. समोरून कोणी आलं की डावीकडे बांधाला चिकटायचं. इथे उजव्या स्टेअरिंगवाले अंदाजाने आरसा घासून घेतात आणि मी खिडकीतून खाली बघून टायर आणि दगड यांच्यात चार बोटं सोडते. स्कॉटलंडच्या हायलँड्समध्येही तेच. एकेरी रस्ते, मधूनमधून समोरच्याला वाट द्यायला रुंद केलेली 'पासिंग प्लेस', आणि डावीकडे कधी खड्डा, कधी थेट तळ्याचं पाणी. रस्त्याची कड कुठे संपते ते नेमकं दिसत असल्यामुळे तिथे मी नवऱ्यापेक्षा निवांत असते. त्याच्या बाजूने नुसता डोंगर. एक्समूरमधला पोरलॉक घाट आम्ही दोन्ही बाजूंनी केला. ए३९ रस्त्याचा तो भाग चारास एक चढाचा आहे. चढताना पहिला गिअर, उतरतानाही पहिलाच. शेजारून सौम्य चढाचा खाजगी टोल रस्ता जातो आणि गाडी भरलेली असेल तर त्याचे पैसे वाचवू नयेत.

कागदपत्रं आणि दिवे थोडक्यात. चाळीस वर्षांवरची गाडी 'हिस्टॉरिक' वर्गात नोंदवली की रोड टॅक्स शून्य (तरी दरवर्षी काढायचा), एमओटी म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची वार्षिक तपासणी सक्तीची नाही, आणि लंडनच्या यूलेझचा (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा) आकारही लागत नाही. म्हणून डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला आम्ही हिलाच घेऊन गेलो. तरीही एमओटी करून घ्या. विकणाऱ्याने दिवे बदलले आहेत असं ठासून सांगितलं होतं. तपासणीत निघालं की डिपर उजवीकडेच झुकतोय, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत. घरच्या घरी बघायचं तर तिन्हीसांजेला गाडी भिंतीसमोर उभी करून डिपर लावा. प्रकाशाची कड डावीकडे वर चढायला हवी. उजवीकडे चढत असेल तर दिवे बदला. मैलांचा स्पीडोमीटर अमेरिकन गाडीत असतोच. जर्मनीहून आलेली असेल तर किलोमीटरचा असेल, तोही बघा.

पेट्रोल ई५, म्हणजे पाच टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं. सप्टेंबर २०२१पासून इथलं साधं पेट्रोल ई१० झालं आणि त्यातलं इथेनॉल जुन्या रबराला खातं. या गाड्यांमध्ये पेट्रोलची नळी इंजिनाजवळून जाते आणि ती तडकून गाडी पेटल्याचे प्रकार होतात, म्हणून आल्या आल्या सगळ्या नळ्या आणि क्लिपा नव्या घाला आणि हाताशी आग विझवायचं सिलिंडर ठेवा. दर तीन हजार मैलांना ऑइल, अडीच लिटर, आणि टॅपेट सेटिंग (इंजिनाच्या व्हॉल्व्हचं अंतर जुळवणं). ॲव्हरेज गॅलनला वीस-बावीस मैल. हीटर म्हणजे नावाला. डिसेंबरात पायावर गोधडी घेऊन बसायचं. आडवा वारा सुटला की सपाट अंगामुळे गाडी लेनभर सरकते, सेव्हर्नच्या पुलावर दोन्ही हात स्टेअरिंगवर हवेत.

घ्यावी का? दोघं मिळून फिरणार असाल तर बेलाशक. उजव्या सीटवरचा माणूस प्रवासी नसतो, अर्धा ड्रायव्हर असतो. त्याला डुलकी लागली तर सरळ ले-बाय गाठून चहा करा. बाबा गावी परतल्यावर मी काही दिवस एकटीने ऑफिसला नेऊन पाहिली आणि सोडून दिलं. एकट्याने चालवायची असेल, तर थोडे जास्त पैसे घालून उजव्या स्टेअरिंगचीच शोधा. डाव्याचं उजवं करून देणारे भेटतात, पण त्यात स्टेअरिंगचे दांडे, पेडल, डॅशबोर्ड सगळं हलवावं लागतं आणि सरकतं दार तरीही उजवीकडेच राहतं. तेव्हा तो खर्च मी तरी करणार नाही.

पुढच्या उन्हाळ्यात फ्रान्सला न्यायचा विचार आहे. तिथे दार फुटपाथवर उघडेल, टोलचा बूथ माझ्या खिडकीशी येईल आणि नवऱ्याला झोपायला मोकळीक. फक्त बोटीत चढण्याआधी मागे 'यूके'चा स्टिकर लावायचा, आणि ज्या दिव्यांसाठी इथे एवढे पैसे मोजले, त्यांच्यावर तिकडच्यासाठी प्रकाश वळवणाऱ्या पट्ट्या चिकटवायच्या.