गावात घर बांधायचंय: गावठाण, एनए प्लॉट की शेतजमीन?

निवृत्तीनंतर गावाकडे घर बांधायचं म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो, घरपट्टी किती बसेल? खरं तर हा सगळ्यात शेवटी विचारायचा प्रश्न. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची घरपट्टी शहराच्या मानाने किरकोळच असते. 2015 साली नियम बदलले, तेव्हापासून ती भांडवली मूल्यावर बसते. म्हणजे रेडीरेकनरचा (सरकारी मूल्यदर तक्त्याचा) दर, बांधकामाचा प्रकार, घराचं वय आणि वापर यांवर. ओटीवर दुकान काढलंत की आकडा वाढला. सोबत दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी. घर गावठाणात (गावाच्या मूळ वस्तीच्या जागेत) असो वा एनए, म्हणजे अकृषिक (बिगरशेती) प्लॉटवर, हिशोबाची पद्धत तीच. तेव्हा निवड कराकडे बघून नव्हे, कागदांकडे बघून करा.

गावठाणातलं घर वरवर सगळ्यात सोपं. रस्ता, नळ, वीज दाराशी आणि एनएची भानगडच नाही. घोळ आहे तो मालकीत. गावठाणाला सातबारा नसतो, त्यामुळे विकणारा ग्रामपंचायतीचा नमुना 8 पुढे करतो. ही फक्त कर आकारणीची नोंदवही. त्यात नाव आहे म्हणजे घरपट्टी कोणाकडून वसूल करायची ते ठरलं, मालकी सिद्ध झाली नाही. (तलाठ्याकडचा 8-अ हा शेतजमिनीचा खातेउतारा, तो निराळा. या दोन कागदांची गल्लत शिकलेली माणसंही करतात.) 2020 मध्ये स्वामित्व योजना आली, ड्रोनने गावठाणं मोजली जाऊ लागली आणि मिळकत पत्रिका, म्हणजे घर-जागेच्या मालकीचे उतारे, मिळू लागल्या. तुमच्या घराची पत्रिका निघाली असेल तर आधी नावं वाचा. आजोबांच्या नावावरच्या घराला चुलते, आत्या, त्यांची मुलं असे वारस असतात, आणि सह्या गोळा करता करता एक आत्या नेमकी अडून बसते. मग नकाशा घेऊन जागेवर जा: शेजाऱ्याची भिंत, सामाईक बोळ, सांडपाण्याची वाट. नुसत्या नमुना 8 वर बँका गृहकर्जाला सहसा तयार होत नाहीत, हेही धरून चाला.

एनए प्लॉट महाग पडतो, पण बाहेरून येणाऱ्यासाठी माझं मत याच्याच बाजूने. अट एकच, प्लॉटचा सातबारा स्वतंत्र हवा. सोबत अकृषिक आदेश आणि मंजूर रेखांकन (लेआउट) मागा. ‘एनए होणार आहे’ या आश्वासनावर पैसे देऊ नका. सामायिक सातबाऱ्यावर दहा-बारा नावं आणि त्यात तुमचा एक गुंठा, असल्या व्यवहारात पुढे हद्दीही भांडणात जातात. अकृषिक आकारणी घरपट्टीहून वेगळी, ती महसूल खात्याकडे जाते. तिचे नियम अलीकडे बरेच बदललेत, तेव्हा मागची थकबाकी नसल्याची पावती विकणाऱ्याकडूनच घ्या.

गावठाणालगत स्वतःचं शेत असेल तर तिसराच मार्ग निघतो. जमीन महसूल संहितेच्या कलम 42-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली जमीन, प्रादेशिक आराखड्यात तिथे घराला मुभा असेल तर, निवासी वापरासाठी अकृषिक मानण्याची तरतूद झाली; ती आज कशी लागू आहे ते तहसील कार्यालयात विचारा. त्यासाठी लागणारी रक्कमही तिथेच भरायची. ज्यांचं शेत या तरतुदीत बसतं त्यांनी प्लॉट शोधत फिरायची गरजच नाही.

उरली दूरची शेतजमीन. दर बघून मोह होतो, पण कूळकायद्याच्या कलम 63 मुळे बिगरशेतकऱ्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. शेतकरी असाल तरी तुकडेबंदी आहे, म्हणजे ठरलेल्या प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्याच्या व्यवहाराला बंदी: बहुतेक जिल्ह्यांत हे क्षेत्र जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ (सरकारी अटींवर दिलेली जमीन) दिसलं तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना विक्री नाही. फार्महाऊस बांधता येतं, पण ते शेतीच्या सोयीसाठी. आठवड्याच्या सुट्टीचा बंगला म्हणून नव्हे.

थोडक्यात, वडिलोपार्जित गावठाण असेल आणि वारस एकमताचे असतील तर तिथेच बांधा. नसतील तर पैसे थोडे जास्त मोजून एनए प्लॉट घ्या. शेतजमीन शेती करणार असाल तरच. काहीही घेतलंत तरी खरेदीखताआधी विकणाऱ्याला भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करायला लावा आणि इसार देताना ‘मोजणीत क्षेत्र कमी भरलं तर रक्कम त्या प्रमाणात कमी होईल’ हे वाक्य करारात लिहून घ्या.