वेळ बरोबर दाखवणारी खोटी चिप

डीएस२४०४ नावाची एक जुनी चिप आहे. मूळची डॅलस सेमीकंडक्टरची. ती कंपनी २००१ मध्ये मॅक्सिमने घेतली आणि २०२१ मध्ये मॅक्सिमच अ‍ॅनालॉग डिव्हायसेसकडे गेली. चिपमध्ये घड्याळ आणि ५१२ बाइट मेमरी, दोन्ही एकत्र, आणि बोलायला एक डेटा वायर पुरते. माझ्याकडच्या तीन जुन्या कंट्रोल बोर्डांवर ती होती. एकेक करून तिन्ही मेल्या आणि नव्या काही मिळेनात.

तेव्हा एक जण भेटला. म्हणाला, चिप शोधत बसू नका, मी तिचं काम सॉफ्टवेअरमध्ये करून देतो, एम्युलेशन. एटीटायनी८५ हा आठ पायांचा मायक्रोकंट्रोलर (एका चिपमधला छोटा संगणक), त्यात त्याचं फर्मवेअर, बोर्डाला फरक कळणार नाही. निम्मे पैसे आगाऊ, उरलेले चाचणी झाल्यावर. सोर्स कोडही शेवटच्या हप्त्यानंतर देणार होता.

मी अगदीच डोळे मिटून हो म्हणालो नाही. एकाच वायरवर बोलायच्या या पद्धतीत, म्हणजे वन-वायरमध्ये, अवघड काय असतं ते मला ठाऊक होतं, आणि नेमकं तिथंच मी गाफील झालो. मास्टर, म्हणजे प्रश्न विचारणारा बोर्ड, वायर निदान ४८० मायक्रोसेकंद खाली (शून्य व्होल्टला) धरून सोडतो, की चिपने १५ ते ६० मायक्रोसेकंदांत ‘मी आहे’ असा पल्स द्यायचा. वाचनाच्या प्रत्येक बिटला मास्टर वायर खाली खेचतो आणि १५ मायक्रोसेकंदांच्या आत उत्तर बघतो. शून्य सांगायचा असेल तर चिपने त्याआधीच वायर धरलेली हवी. ८ मेगाहर्ट्झवर एका मायक्रोसेकंदात जेमतेम आठ सूचना होतात, इंटरप्टमध्ये शिरण्यातच, म्हणजे चालू काम सोडून वायरकडे वळण्यातच, त्यातल्या निम्म्या जातात. हे जमवणं खायचं काम नाही. त्या माणसाने ते उत्तम जमवलं होतं. लॉजिक अ‍ॅनालायझरवर (वायरवरचे चढउतार टिपणारं यंत्र) त्याचे पल्स बघून मी मनातल्या मनात दाद दिली. ज्याला हे जमलं त्याला घड्याळ काय जड, असा माझा हिशोब.

चाचणीचा प्रोग्राम त्याचाच होता. संगणकाला अडॅप्टर लावायचा, प्रोग्राम उघडायचा, स्क्रीनवर तारीख आणि वेळ. सेकंदाला सेकंद बरोबर. संध्याकाळी पुन्हा उघडला, बरोबर. दुसऱ्या दिवशीही बरोबर. मी ‘काम पूर्ण’ कळवलं आणि उरलेले पैसे सोडले.

बोर्डात बसवल्यावर घड्याळ मागे पडायला लागलं. दिवसाला अकरा-बारा मिनिटं. चिप काढून त्याच्या प्रोग्रामला लावली की वेळ एकदम बरोबर! चार दिवस मी माझ्याच बोर्डाला शिव्या घातल्या. त्याला विचारलं तर म्हणाला पुल-अप रेझिस्टर (वायर वर धरून ठेवणारा) चुकीचा असेल, मग म्हणाला वायर लांब असेल. रेझिस्टरमुळे घड्याळ मागे पडत नाही, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

शेवटी त्याचा प्रोग्राम चालू असताना वायरवर अ‍ॅनालायझर लावला. वेळ वाचण्याच्या आधी तो गुपचूप काहीतरी लिहीत होता. ‘स्क्रॅचपॅडमध्ये (तात्पुरत्या जागेत) लिही’ ही ०एफ कमांड, तिच्यामागे पत्त्याचे दोन बाइट, ०२ आणि ०२. २०२ (हेक्स, म्हणजे सोळाच्या पद्धतीत) हा घड्याळाचा पत्ता. तिथून पाच बाइट असतात: पहिल्यात सेकंदाचा २५६ वा भाग, पुढच्या चारांत सेकंदांची मोजणी. म्हणजे प्रोग्राम उघडला रे उघडला की संगणकाची वेळ चिपमध्ये भरायची, आणि मग तीच वाचून मला दाखवायची. दोन दिवस मी माझ्याच संगणकाचं घड्याळ बघून खूश होत होतो.

मग बाकीचं उकरलं. खऱ्या चिपला बाहेरून ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल, म्हणजे अचूक ठोके देणारा सुटा भाग, लागतो. त्याने बनवलेल्या तुकड्याला क्रिस्टलच नव्हता, सगळं आतल्या आरसी ऑसिलेटरवर, म्हणजे रेझिस्टर-कपॅसिटरच्या ढोबळ ठोक्यांवर. तो हाताने जुळवला तरी एक टक्का इकडेतिकडे होतो, आणि एक टक्का म्हणजे दिवसाला १४.४ मिनिटं. हे गणित मी आधी का केलं नाही याला माझ्याकडे उत्तर नाही.

मेमरीतही तीच तऱ्हा. ५१२ बाइट म्हणजे ३२ बाइटांची १६ पानं. एटीटायनी८५ मध्ये रॅमच मुळी ५१२ बाइट, त्यातून स्टॅकला (प्रोग्रामच्या तात्पुरत्या नोंदींना) जागा हवी. म्हणून पठ्ठ्याने निम्मीच मेमरी ठेवली आणि पत्त्याचा वरचा बिट गिळला. आठव्या पानावर लिहिलं की शून्यावं पान पुसलं जायचं. त्याचा प्रोग्राम पहिल्या चार पानांपुढे जातच नव्हता. खऱ्या चिपमध्ये लिहिताना मजकूर आधी स्क्रॅचपॅडमध्ये जातो, आणि ५५ कमांडमागून पत्ता व स्थितीचे तीन बाइट जसेच्या तसे परत दिले तरच तो मेमरीत उतरतो. याने ती तपासणी गाळली होती, काहीही द्या, उतरवतो.

आणि कडी म्हणजे अनुक्रमांक. प्रत्येक चिपला ६४ बिटांची वेगळी ओळख असते, तसं कबूलही केलं होतं. दोन तुकडे एका वायरवर लावून शोध घेतला तर एकच सापडला. तिन्हींत एकच क्रमांक, तोही मी नमुन्यादाखल पाठवलेल्या माझ्याच मेलेल्या चिपचा! सीआरसी, म्हणजे क्रमांकातला तपासणीचा बाइट, बरोबर येणारच, उचललेला होता ना.

हे सगळं पुराव्यासकट पाठवलं. उत्तर आलं, ‘एम्युलेशन म्हणजे हुबेहूब असं मी कुठं म्हटलं?’ त्यानंतर काहीच नाही. सोर्स कोड मिळाला नाही. तुकड्यांवर आतलं वाचू न देणारे लॉक बिट लावलेले, ते काढायला गेलं की आतला प्रोग्रामही पुसला जातो.

असं काही विकत घेत असाल तर देणाऱ्याचा प्रोग्राम बाजूला ठेवा आणि वाचणारा स्वतःचा लिहा, वीस-तीस ओळींचं काम आहे. चिपमध्ये मुद्दाम चुकीची वेळ भरा, बॅटरीवर दोन दिवस सोडून द्या, मग फक्त वाचा. सोळाही पानांत वेगवेगळा मजकूर लिहा आणि सगळं लिहून झाल्यावरच वाचायला घ्या, एकेक पान लिहून लगेच तपासलं तर माझ्या बाबतीत झाली तशी चोरी सापडणार नाही. दोन तुकडे एका वायरवर लावा. आणि क्रिस्टल कुठं आहे ते विचारा, पैशाचं बोलण्याआधी.

पुढे मी स्वतःच एटीमेगा३२८ या मोठ्या मायक्रोकंट्रोलरवर लिहायला घेतलं. त्याचा एक टायमर वेगळ्या क्रिस्टलवर चालतो, आणि ३२७६८ ला १२८ ने भागलं की सेकंदाला नेमके २५६ ठोके पडतात, चिपला हवे तितकेच. ते तीन तुकडे अजून ड्रॉवरमध्ये आहेत. माझा तपासणीचा प्रोग्राम बदलला की आधी त्यांच्यावर चालवतो. तिन्ही नापास झाले तरच प्रोग्राम ठीक.