मनगटाचा पट्टा: तीन महिने वापरल्यावर

पावसाळ्यात एका सोसायटीच्या गच्चीवर टाकीजवळ पाय घसरला आणि उजवा हात टेकून पडलो. हाड शाबूत. पण महिना झाला तरी नळ पिळला की करंगळीच्या बाजूला कळ. खुर्चीवरून हाताला जोर देऊन उठलो तरी तीच. प्लंबरने अशा हाताचं करायचं काय?

मेडिकलवाल्याने आधी लांबडा पट्टा गळ्यात मारला, तळव्याच्या बाजूला पत्र्याची पट्टी असलेला. ६५० रुपये पाण्यात. मनगट वर-खाली हलायचं थांबलं, पण पाना फिरवताना फिरतो तो कोपरापासून पुढचा हात, एका हाडाभोवती दुसरं. ते त्या पट्ट्याने अडतच नाही.

मग मिरजेला एमआरआय. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "टीएफसीसी फाटलंय. तुमच्या भाषेत वॉशर." कळलं लगेच, पण त्यांनी चित्र काढून दाखवल्यावर वाटलं, नुसता वॉशर नाही हा. मनगटात आठ बारकी हाडं. करंगळीकडचं लांब हाड, अल्ना, त्यांना थेट टेकत नाही. मध्ये कूर्चेची चकती असते. आणि तिच्याच कडेचे अस्थिबंध दोन्ही लांब हाडांची टोकं एकमेकांना धरून ठेवतात. म्हणजे वॉशर आणि क्लॅम्प एकातच! क्लॅम्प ढिला पडला की पिळताना टोक हलणारच. चकतीच्या कडेला रक्त पोचतं, मध्यभागी नाही. माझी फाट कडेची, म्हणजे भरून येऊ शकते, म्हणून ऑपरेशनआधी पट्टा लावून बघू म्हणाल्या.

हा दुसरा पट्टा अरुंद, घड्याळासारखा, १,४०० रुपयांचा. अल्नाचं टेंगूळ वर येतं तिथे त्याला भोक आहे. दोन्ही टोकं आवळून धरतो, मनगट मोकळं. घरचा वजनकाटा टेबलावर ठेवून तळव्याने दाबून पाहिला: पट्ट्याशिवाय १२ किलोला कळ, पट्टा लावून २६. काटा जुना आहे, एखाद-दुसरा किलो सोडून द्या.

तक्रारी आहेत. वेल्क्रोत सिमेंट अडकतं, भिजला की वास मारतो, आणि एकदा जास्त आवळला तर बोटं बधिर झाली. कंपनीने आवळायचं माप कुठेच लिहिलेलं नाही. दोन घ्या, एक वाळत राहू दे.

पाचपैकी साडेतीन. १४ इंची पाना आता मीच मारतो, १८ इंची अजून पोराच्या हातात.