मिलर्स क्रिमझन प्रिम्युलाचं बी: घ्यावं, पण तारीख बघून

ब्रिटनमध्ये उत्तरेला तोंड असलेल्या भिंतीपाशी, ओढ्याकाठी किंवा तळ्याच्या कडेला कायम ओल असलेली सावलीची जागा असेल, तर प्रिम्युला जॅपोनिका या फुलझाडाच्या 'मिलर्स क्रिमझन' वाणाचं बी जरूर घ्यावं. मूळ प्रजाती जपानमधली, ओढ्याकाठची. या वाणाला रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या ब्रिटिश बागकाम संस्थेचं अवॉर्ड ऑफ गार्डन मेरिट मिळालेलं आहे आणि ते उगीच नाही: मे-जूनमध्ये अर्धा मीटरभर दांड्यावर गडद किरमिजी फुलांचे एकावर एक मजले चढतात. शिवाय जवळ दुसरी जॅपोनिका नसेल तर बियांपासूनची रोपंही बहुतांशी त्याच रंगाची निघतात. लागवड प्रत्यक्ष बघायची तर जूनच्या सुरुवातीला उत्तर इंग्लंडमधल्या हॅरोगेटजवळच्या हार्लो कार बागेत ओढ्याकाठी जावं.

तक्रार आहे ती वाणाबद्दल नाही, पाकिटातल्या बियांच्या वयाबद्दल. शेंगा तयार होतात उन्हाळ्याच्या शेवटी आणि दुकानात पाकिटं टांगली जातात वसंतात. तोवर सुकलेलं बी गाढ झोपी गेलेलं असतं. ताजं बी लगेच पेरलं तर काही आठवड्यांत उगवू शकतं. जुन्याला आधी थंडी दाखवावी लागते. म्हणून शक्यतो शरद ऋतूत, त्याच वर्षीचं बी देणाऱ्याकडून घ्यावं. पाकिटावर फक्त 'अमुक सालापर्यंत पेरा' असेल आणि काढणीचं साल नसेल, तर बी ताजं नाही असं धरूनच चालावं.

पेरणी अशी. ९ सेंटिमीटरच्या कुंडीत दोन भाग पीटविरहित (दलदलीतलं कुजकट, म्हणजे पीट, नसलेलं) सीड कंपोस्ट म्हणजे पेरणीचं मिश्रण, एक भाग परलाइट (निचऱ्यासाठीचे हलके पांढरे खनिज दाणे). माती हलकी दाबून कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवायची, वरपर्यंत ओल चढली की बी भुरभुरायचं. दाणा खसखशीपेक्षा जेमतेम मोठा. चिमूट सैल सोडली नाही तर सगळं एका कोपऱ्यात पडतं. उगवायला उजेड लागतो, त्यामुळे मातीनं झाकायचं नाही. बारीक व्हर्मिक्युलाइट (ओल धरणारं हलकं खनिज) टाकायचंच तर खालचं बी दिसेल इतपत. मग कुंडी पिशवीत घालून तीन-चार आठवडे फ्रिजमध्ये, ४ अंशांच्या आसपास. जानेवारी-फेब्रुवारी असेल तर फ्रिजची गरज नाही, बाहेर सावलीत जाळी घालून ठेवली तरी भागतं.

आणि इथेच बहुतेकांचं बिनसतं: फ्रिजमधून काढलेली कुंडी थेट गरम प्रोपगेटरवर (बी उगवण्यासाठी खालून ऊब देणाऱ्या ट्रेवर) जाते. टोमॅटोला ते मानवतं, प्रिम्युलाला नाही. १० ते १८ अंश पुरे. २० च्या वर गेलं की बी पुन्हा झोपतं आणि लोक बियाणेवाल्याला शिव्या देतात. उगवण एकदम होत नाही, आठवड्यांनी मागेपुढे होते. काहीच दिसलं नाही तरी कुंडी फेकू नका. पुढच्या वसंतातही उगवू शकतं.

उगवल्यावर पिशवी काढायची, नाहीतर बुरशीनं रोपं कोलमडतात. पाणी खालूनच. दातेरी कडांची दोन-तीन खरी पानं आली की पानाला धरून (देठाला नव्हे) वेगळ्या कुंडीत लावायचं. सप्टेंबरात किंवा पुढच्या वसंतात जमिनीत, ३० ते ४५ सेंटिमीटरवर, कुजलेल्या पाल्याचा ५ सेंटिमीटर थर देऊन. फूल बहुधा दुसऱ्या वर्षी. हिवाळ्यात पानं मरून जातात. जागेवर खूण ठेवा, कुदळ तिथेच चालते.

जुलैच्या दुपारी पानं मलूल झाली तर ओल कमी आहे. ओली माती असूनही रोप मलूल आणि हलकं ओढल्यावर हातात आलं, तर मुळं व्हाइन वीव्हिल या भुंग्याच्या अळ्यांनी खाल्लीत: मळकट पांढरी, वाकडी अळी, तपकिरी डोकं. त्यावर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर सूत्रकृमींचं (अळ्या मारणाऱ्या सूक्ष्म जंतांचं) द्रावण ओतावं. माती ५ अंशांच्या वर असेल तरच ते काम करतं.

शेजारी जॅपोनिकाचंच पांढरं वाण 'पोस्टफर्ड व्हाइट' लावलं असेल तर पुढच्या पिढीत गुलाबीच्या सगळ्या छटा निघतील. काहींना ते आवडतंही. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांसाठी मात्र पाकिटं नेऊ नका. हे हिवाळी मोसमी फूल नव्हे, बहुवर्षायू झाड आहे आणि तिथल्या एप्रिल-मेमध्ये ते टिकणार नाही.