क्योटोत एकच दिवस हाताशी: फुशिमी इनारी की शेजारच्या नारा शहरातलं कासुगा देऊळ?

पहाटे उठायची तयारी असेल तर फुशिमी इनारी. देऊळ चोवीस तास उघडं, तिकीट नाही. सकाळी सातला लाल तोरींखालून, म्हणजे देवळाच्या लाकडी कमानींखालून, निवांत चालता येतं. दहानंतर सेन्बोन तोरीच्या अरुंद वाटेत माणसाला माणूस खेटतो. बहुतेक जण तिथेच फोटो काढून माघारी फिरतात आणि खरी मजा हुकवतात. अर्धा-पाऊण तास चढून योत्सुत्सुजीच्या चौकापर्यंत जा. गर्दी विरळ होते, खाली क्योटो पसरलेलं दिसतं. डोंगर अवघा 233 मीटर उंच, पण पायऱ्या संपत नाहीत. पूर्ण फेरीला दोन-तीन तास. माथ्यावर झाडीच आहे, दृश्य नाही. तेव्हा गुडघे कुरकुरत असतील तर चौकातूनच उतरा. उतरताना प्रत्येक तोरीच्या मागच्या अंगाला देणगीदाराचं नाव नि तारीख दिसते. चढताना ती बाजू दिसत नाही.

क्योटोहून जेआर (जपान रेल्वे) नारा लाइनवर इनारी दुसरंच स्टेशन, पाच मिनिटांवर. लोकलच पकडा. मियाकोजी रॅपिड ही जलद गाडी तिथे थांबत नाही.

सोबत आजी-आजोबा किंवा लहान मुलं असतील तर सरळ नारा. रॅपिडने पाऊण तास. किन्तेत्सु या खासगी रेल्वेचं नारा स्टेशन जेआरच्या स्टेशनपेक्षा हरणांच्या नारा उद्यानाला जवळ पडतं. तिथून कासुगा अर्ध्या तासाची सौम्य चढण, नाहीतर बस. 768 साली स्थापलेलं हे फुजिवारा घराण्याचं देवस्थान. दगडी आणि काशाचे मिळून सुमारे तीन हजार कंदील; ते सगळे पेटतात फक्त फेब्रुवारीत आणि ऑगस्टच्या मध्यावर. एरवी फुजिनामी-नो-या नावाच्या अंधाऱ्या दालनात पेटलेले कंदील बघायला मिळतात. आतल्या भागाला तिकीट आहे.

उद्यानातली हरणं मात्र गरीब गाय समजू नका. बिस्किटं हातात धरून हरणांना खिजवत ठेवलंत तर ती ढुशी मारतात, खिशातला नकाशाही चघळतात. मे ते जुलै पाडसं असतात, तेव्हा माद्यांपासून लांब राहा.

शाकाहाऱ्यांनी इनारीझुशी (टोफूच्या पिशवीत भरलेला भात) घेण्याआधी विचारावं: त्या पिशवीला बहुधा दाशीची, म्हणजे माशाच्या रश्श्याची, चव असते.

दोन्ही एकाच लाइनवर असल्याने जोडताही येतात. सकाळी इनारी चौकापर्यंत, मग लोकलने उजी, तिथून रॅपिडने नारा. नाऱ्यात आधी कासुगा करा, कारण आतला भाग लवकर बंद होतो. तोदाईजी या बौद्ध मंदिरातला 15 मीटरचा बुद्ध नंतरही गाठता येतो.