अमेरिकेतील मतदार नोंदणी: पक्षाचा रकाना भरावा की कोरा ठेवावा?

नागरिकत्वाची शपथ झाली की अनेक ठिकाणी तिथल्या तिथेच मतदार नोंदणीचा अर्ज हाती पडतो. नाव, पत्ता, जन्मतारीख हे सगळे झटपट लिहून होते आणि पेन अडते ते पक्षाच्या रकान्यापाशी. आपल्याकडच्या मतदार यादीत मतदाराचा पक्ष लिहिण्याची पद्धत नाही. पक्षाचे नाव लावायचे ते कार्यकर्त्याने किंवा पुढाऱ्याने. त्यामुळे महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाचा पहिला कल 'उगाच शिक्का कशाला मारून घ्या' असे म्हणून तो रकाना कोरा ठेवण्याकडे असतो. काही राज्यांत हा निर्णय अगदी बरोबर ठरतो आणि काही राज्यांत त्यापायी मताचा अर्धा अधिकार, आणि बहुधा अधिक मोलाचा अर्धा, हातचा जातो. डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन या दोन मोठ्या पक्षांपैकी चांगला कोणता हा या लेखाचा विषय नाही. कोणत्या राज्यात, कोणत्या परिस्थितीत, कोणता पर्याय मतदाराला काय देतो आणि काय काढून घेतो, एवढीच तुलना येथे केली आहे.

आधी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. या रकान्यात 'डेमोक्रॅटिक' किंवा 'रिपब्लिकन' लिहिणे म्हणजे पक्षाचे सभासदत्व घेणे नव्हे, निदान ज्या अर्थाने आपण सभासदत्व समजतो त्या अर्थाने तरी नव्हे. त्यासाठी वर्गणी नाही, पावती नाही, शिस्तभंगाची नोटीस नाही. नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीत कोणालाही मत देण्याचे स्वातंत्र्य पूर्णपणे शाबूत राहते. नोंदणी ठरवते ती एकच गोष्ट: प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्याच्या निवडणुकीत, तुम्हाला मतपत्रिका मिळणार की नाही आणि मिळाली तर कोणत्या पक्षाची. महाराष्ट्रात तिकीट कोणाला हे पक्षश्रेष्ठी ठरवतात आणि एबी फॉर्म कोणाच्या हातात पडतो याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. अमेरिकेत तो एबी फॉर्म सामान्य मतदार देतो, पण फक्त त्या दिवशी त्या दारातून आत जाऊ दिलेला मतदार.

ही पद्धत तेथे आरंभापासून नव्हती. 1787 च्या राज्यघटनेत पक्षांचा उल्लेखसुद्धा नाही आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांनी 1796 मधील निरोपाच्या संदेशात गटबाजीपासून सावध राहण्याचा इशारा दिला होता, परंतु तोवर त्यांच्याच मंत्रिमंडळातील हॅमिल्टन आणि जेफरसन यांच्याभोवती दोन तट पडलेले होते. पुढे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार ठरवण्याचे काम काँग्रेसमधील, म्हणजे अमेरिकी संसदेतील, पक्षसदस्यांच्या बैठकीने हाती घेतले. 1824 मध्ये या बैठकीचे अधिकृत उमेदवार विल्यम क्रॉफर्ड निर्वाचकांच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या राज्याराज्यांतील प्रतिनिधींच्या, मतांत तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले, तेव्हा त्या पद्धतीची पत संपली. 1830 च्या दशकात तिची जागा पक्षांच्या राष्ट्रीय अधिवेशनांनी घेतली आणि अधिवेशनांबरोबर शहरोशहरीचे पक्षदादाही आले. न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉल या डेमोक्रॅटिक पक्षसंघटनेचे नाव त्यांत सर्वांत बदनाम. या दादांच्या हातून तिकिटे काढून घेण्यासाठी विस्कॉन्सिनमध्ये गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांच्या पुढाकाराने 1903 मध्ये प्रायमरीचा कायदा झाला आणि अशा कायद्यांचे लोण देशभर पसरले. राष्ट्राध्यक्षपदाच्या बाबतीत मात्र पुढाऱ्यांचा वरचष्मा 1968 पर्यंत टिकला. त्या वर्षी ह्यूबर्ट हम्फ्री एकाही प्रायमरीत न उतरता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले, शिकागोच्या अधिवेशनाबाहेर रस्त्यांवर हाणामारी झाली आणि त्यानंतर पक्षाने आपले नियम बदलले. 1972 पासून राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मुख्यतः प्रायमरीतील मतांवर ठरू लागली. पूर्वी कोणतेही सरकारी पद न भूषवलेल्या डोनाल्ड ट्रम्प यांना 2016 मध्ये पक्षातील बड्या नेत्यांच्या नाराजीवर मात करून तिकीट मिळाले, ते या बदलामुळेच.

प्रायमरीला इतके महत्त्व का द्यायचे, असे विचारणाऱ्यास मराठी वाचकाच्या ओळखीचे एक उदाहरण देता येईल. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 2022 मध्ये मिशिगनच्या 13 व्या मतदारसंघातून काँग्रेसवर निवडून आले. डेट्रॉइट शहराचा मोठा भाग असलेला हा मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला आहे. नोव्हेंबरमध्ये त्यांना सत्तर टक्क्यांहून अधिक मते मिळाली, पण ती लढत नावापुरतीच होती. खरी निवडणूक ऑगस्टच्या प्रायमरीत झाली. तिथे उमेदवारांची गर्दी होती आणि ठाणेदार सुमारे 28 टक्के मतांवर विजयी झाले. ज्याने ऑगस्टमध्ये मत दिले नाही, त्याने नोव्हेंबरमध्ये ठरलेल्या निकालावर शिक्कामोर्तब केले, एवढेच. अमेरिकेतील बहुसंख्य मतदारसंघ असेच एका पक्षाकडे पक्के झुकलेले आहेत.

आता राज्यांकडे वळू. पक्षाची नोंद ठेवणारी राज्ये सुमारे 30 आहेत. उरलेल्या राज्यांत अर्जावर हा रकानाच नसतो आणि प्रश्न आपोआप मिटतो. रकाना असलेल्या राज्यांतही नियम एकसारखे नाहीत.

सर्वांत कडक नियम न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया आणि फ्लोरिडा यांसारख्या 'बंद' प्रायमरीच्या राज्यांत आहेत. तेथे पक्षाच्या प्रायमरीत त्या पक्षाकडे नोंद असलेल्यांनाच मत देता येते आणि कोरा रकाना म्हणजे बंद दार. न्यूयॉर्कमध्ये 2016 साली याचा फटका कोणाला बसला हे पाहण्यासारखे आहे: ट्रम्प यांची मुले इव्हान्का आणि एरिक यांना एप्रिलमधल्या प्रायमरीत स्वतःच्या वडिलांना मत देता आले नाही, कारण त्यांची नोंद कोणत्याच पक्षाकडे नव्हती आणि ती बदलण्याची मुदत आदल्या ऑक्टोबरमध्येच उलटून गेली होती. त्यानंतर कायदा सैल झाला आहे, तरी आधीच नोंदलेल्या मतदाराला जूनच्या प्रायमरीसाठी पक्ष बदलायचा असेल तर 14 फेब्रुवारीच्या आत अर्ज पोहोचवावा लागतो. अशा राज्यातील पक्क्या मतदारसंघात प्रायमरीचे मत किती वजनदार असते, हे 2018 मध्ये क्वीन्स आणि ब्राँक्समधील 14 व्या मतदारसंघाने दाखवले. भारतीय दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या जॅक्सन हाइट्सचा भागही त्यात येत होता. अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांनी दहा वेळा निवडून आलेल्या जोसेफ क्रॉली यांना तेथे पाडले, तेही सुमारे 17 हजार मतांच्या बळावर. मतदारसंघाची लोकसंख्या साधारण सात लाख होती. पक्षाच्या रकान्यात काही न लिहिलेले तेथील हजारो नागरिक त्या दिवशी केवळ प्रेक्षक होते.

न्यू जर्सीत गणित बदलते आणि एडिसन, जर्सी सिटी या परिसरातील मराठी वस्ती पाहता ते नीट समजून घेण्यासारखे आहे. येथे पक्षाची नोंद नसलेला मतदार प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर जाऊन पक्ष सांगू शकतो. त्याला त्या पक्षाची मतपत्रिका मिळते आणि त्याची नोंदही त्या पक्षाकडे होते. एकदा नोंद झालेल्याला मात्र दुसऱ्या पक्षात जायचे असेल तर 55 दिवस आधी कळवावे लागते. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये तोट्याचा ठरणारा कोरा रकाना नदीपलीकडे उलट जास्त लवचीक ठरतो. न्यू जर्सीत पक्षसंघटना किती चिवट असते याचेही दर्शन घडते. तेथील बहुतेक काउंटींत (जिल्ह्यांत) पक्षाने पसंत केलेल्या सर्व उमेदवारांची नावे मतपत्रिकेवर एका ओळीत छापली जात आणि इतरांची नावे कोपऱ्यात कुठेतरी ढकलली जात. सिनेटसाठी उभे असलेल्या अँडी किम यांनी याविरुद्ध दावा लावला आणि मार्च 2024 मध्ये संघीय न्यायाधीशांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ही मांडणी थांबवली. प्रायमरीने पक्षदादा संपले असे जे सर्रास म्हटले जाते, ते म्हणूनच मला अर्धवट वाटते. ते कागदाच्या मांडणीत जाऊन बसले होते. नॉर्थ कॅरोलायनातही कोरा रकाना फायद्याचा आहे: बिनपक्षीय मतदार दोनपैकी कोणतीही प्रायमरी निवडू शकतो आणि त्याची नोंद बिनपक्षीयच राहते. तेथे आज सर्वांत मोठा गट बिनपक्षीयांचाच आहे, याचे नवल नाही.

टेक्सास आणि मिशिगनमध्ये पक्षनोंदणीच नाही. टेक्सासमध्ये मार्चच्या प्रायमरीत मतदार केंद्रावर गेल्यावर पक्ष निवडतो, परंतु त्या पक्षाच्या पहिल्या फेरीत मत दिले की दुसऱ्या फेरीसाठी (कोणालाच निम्म्याहून अधिक मते न मिळाल्यास ती होते) तो त्याच पक्षाशी बांधला जातो. तेथे 1994 नंतर राज्यव्यापी निवडणूक एकाही डेमोक्रॅटने जिंकलेली नाही. त्यामुळे ह्यूस्टन किंवा डॅलसमधील डेमोक्रॅटिक विचारांच्या मतदारापुढे दर वेळी पेच उभा राहतो: आपल्या पक्षाचा बहुधा हरणारा उमेदवार निवडायचा, की रिपब्लिकन प्रायमरीत जाऊन त्यातल्या त्यात मवाळ माणसाला बळ द्यायचे? मिशिगनच्या ऑगस्ट प्रायमरीत दोन्ही पक्षांचे रकाने एकाच मतपत्रिकेवर असतात आणि निवड पडद्याआड होते, मात्र दोन्ही रकान्यांत खुणा केल्यास पक्षीय पदांसाठीची मते बाद होतात.

कॅलिफोर्नियाची तऱ्हा आणखी निराळी. 2010 मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव 14 नुसार काँग्रेस आणि राज्यातील पदांसाठी सर्व उमेदवार एकाच प्रायमरीत उतरतात आणि पहिले दोघे, मग ते एकाच पक्षाचे का असेनात, नोव्हेंबरमध्ये समोरासमोर येतात. फ्रीमाँट, सनीव्हेल आणि कुपर्टिनोच्या पट्ट्यात 2016 मध्ये रो खन्ना यांनी माइक होंडा यांना असेच नोव्हेंबरमध्ये हरवले. दोघेही डेमोक्रॅट होते. न्यूयॉर्कमध्ये जो निर्णय जूनमध्ये मोजक्या नोंदणीकृत मतदारांनी घेतला असता, तो येथे सर्व मतदारांपुढे आला. राष्ट्राध्यक्षपदाची प्रायमरी मात्र या नियमाबाहेर आहे: रिपब्लिकन मतपत्रिका नोंदणीकृत रिपब्लिकनांनाच मिळते, तर डेमोक्रॅटिक पक्ष बिनपक्षीयांना मत देऊ देत आला आहे, पण मतपत्रिका मागून घ्यावी लागते. टपालाने मतपत्रिका मिळणाऱ्याने ती आधीच मागितली नाही, तर राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवारच नसलेली मतपत्रिका घरी येते.

छोट्या पक्षांबद्दल थोडक्यात. रॉस पेरो यांना 1992 मध्ये जवळपास 19 टक्के लोकमत मिळाले आणि निर्वाचकांचे एकही मत मिळाले नाही. ग्रीन किंवा लिबर्टेरियन लिहिताना हे ध्यानात ठेवावे. बंद राज्यात अशी नोंद केल्यास मोठ्या पक्षांच्या प्रायमरीही बंद होतात. कॅलिफोर्नियात याहून मोठा सापळा आहे. तेथील 'अमेरिकन इंडिपेंडंट पार्टी' हे नाव वाचून अनेक जण आपण अपक्ष म्हणून नोंद करत आहोत असे समजतात. प्रत्यक्षात तो वंशविभाजनाचे समर्थक जॉर्ज वॉलेस यांच्या 1968 च्या उमेदवारीतून निघालेला पक्ष आहे. बिनपक्षीय राहायचे असेल तर 'पक्षपसंती नाही' हाच पर्याय शोधावा.

कोऱ्या रकान्याच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा खासगीपणाचा. तुम्ही कोणाला मत दिले हे गुप्तच राहते, पण पक्षाची नोंद मतदार यादीत असते आणि उमेदवारांच्या प्रचारयंत्रणेला ती मिळते. टेक्सासमध्येही कोणत्या पक्षाच्या प्रायमरीत मत दिले याची नोंद राहते. निवडणुकीच्या हंगामात फोन, संदेश आणि पत्रके यांचा जो मारा होतो, त्याचे हे एक कारण. ज्यांना नोकरीमुळे किंवा स्वभावामुळे हे नको असेल, त्यांनी बंद राज्यातही रकाना कोरा ठेवणे समजण्यासारखे आहे. फक्त आपण काय सोडतो आहोत ते त्यांना माहीत असावे.

राहता राहिला नैतिक आक्षेप. आपले विचार एका पक्षाशी जुळत असताना मतदारसंघात प्रबळ असलेल्या दुसऱ्याच पक्षाकडे नोंद करणे ही लबाडी नव्हे काय? पक्षांची बाजू अगदीच पोकळ नाही. पक्ष ही नागरिकांची खासगी संघटना आहे आणि आपला उमेदवार परक्यांनी ठरवू नये हा तिचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका खटल्यात मान्य केला. पण त्याच न्यायालयाने 1944 मध्ये टेक्सासची केवळ गोऱ्यांसाठीची डेमोक्रॅटिक प्रायमरी घटनाबाह्य ठरवली होती. तेव्हाच्या टेक्सासमध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारी म्हणजेच विजय होता आणि प्रायमरीबाहेर ठेवलेला कृष्णवर्णीय मतदार व्यवहारात मताधिकाराबाहेरच राहत होता. मला हा दुसरा निकाल अधिक पटतो. जिथे एकाच पक्षाची प्रायमरी प्रतिनिधी ठरवते, तिथे तीत भाग घेणे हा नागरिकाचा अधिकार आहे. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया किंवा फ्लोरिडात मतदारसंघ पक्का एकतर्फी असेल, तर प्रबळ पक्षाकडे नोंद करावी. लढत खरोखर अटीतटीची असेल, तर मनाला पटणाऱ्या पक्षाकडे करावी. न्यू जर्सी आणि नॉर्थ कॅरोलायनात कोरा रकाना चालतो. कॅलिफोर्नियात राष्ट्राध्यक्षपदाच्या रिपब्लिकन प्रायमरीत रस असेल तरच पक्ष लिहिणे आवश्यक ठरते.

ग्रीन कार्डधारकांनी या अर्जाला हातच लावू नये. मोटार परवान्याच्या कार्यालयात चुकून नोंद झाली तरी नागरिक असल्याचा खोटा दावा केल्याचे प्रकरण थेट देशाबाहेर जाण्यापर्यंत जाऊ शकते. त्यांना उमेदवाराला देणगी देता येते आणि प्रचारात स्वयंसेवक म्हणून कामही करता येते. नागरिकांच्या बाबतीत चूक होते ती बहुधा घर बदलल्यावर. टेक्सासहून पिट्सबर्ग किंवा फिलाडेल्फियाला नोकरीसाठी गेलेल्या माणसाला आधी हा रकाना कधी दिसलेलाच नसतो. नव्या राज्यात नव्याने नोंदणी करताना तो सवयीने कोरा सोडतो आणि मे महिन्यातील प्रायमरीला गेल्यावर उमेदवारांची मतपत्रिका मिळत नाही. पेनसिल्व्हेनियात पक्षाची नोंद करण्याची किंवा बदलण्याची मुदत प्रायमरीच्या 15 दिवस आधी संपते, आणि हा बदल राज्याच्या संकेतस्थळावरून घरबसल्या करता येतो.