जानापाव: विमानतळावरून टॅक्सीने जाण्यासारखं

इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरून राऊ-महूमार्गे जानापाव या डोंगरावर जायला साधारण सव्वा तास लागतो. मुंबई-आग्रा रस्त्यावर मानपूरच्या अलीकडे उजवीकडे फाटा आहे. टॅक्सी ठरवताना जाणं-येणं आणि थांबण्याचे तास धरूनच भाडं ठरवा, कारण वरून परतीला गाडी मिळेलच असं नाही. शेवटच्या चढावर तीव्र वळणं आहेत. पावसाळ्यात तिथे धुकं इतकं दाटतं की दिवे लावूनही पुढचं दिसत नाही, म्हणून अंधार पडायच्या आत उतरायलाच हवं.

सुमारे 850 मीटर उंचीवरचं हे ठिकाण चंबळेचा उगम. उत्तरेचं पाणी चंबळेतून यमुनेला आणि दक्षिणेचं नर्मदेला जातं. हे पाहायचं तर ऑगस्ट-सप्टेंबरातच जा. उन्हाळ्यात डोंगर सुका पडतो. वर परशुरामांचं मंदिर आणि कुंड आहे, पण कार्तिक पौर्णिमेच्या जत्रेत वाहनांची कोंडी होते.

खाण्याचं म्हणाल तर पायथ्याच्या ढाब्यांवर दाल-बाफले (डाळ आणि कणकेचे भाजलेले गोळे) घ्या, मात्र एक मोडून बघा. बाफला आधी उकळून मग भाजतात. उकळणं अपुरं राहिलं तर आत कच्चं पीठ राहतं. तसा निघाला तर बिनदिक्कत परत करा.